तीन नंबरचा शेजार

हेमलता मगदूमच्या कणकेवर सकाळी आठ वाजता एक भिंत येऊन उभी राहिली.

भिंत फिकट पिवळी होती. वरच्या अंगाला एक खिळा होता आणि खिळ्याला काहीच टांगलेलं नव्हतं. भिंतीतून परात दिसत होती, परातीतली कणीक दिसत होती, कणकेतली स्वतःची बोटंही दिसत होती. मग भिंत हळूहळू उजवीकडे सरकायला लागली. तिच्यामागून एक काळा उभा पट्टा आला, ओट्यावरून, गॅसवरून, डब्यांवरून गाडीच्या वायपरसारखा फिरून गेला आणि पुन्हा भिंत आली.

"आला शेजार," हेमलता म्हणाली.

"कोण आलंय?" बाहेरच्या खोलीतून सुनेनं, वर्षानं, विचारलं.

"कोण नाही. तू तुझं बघ."

वर्षा तिचं बघायला लागली. सून गुणी होती. तिच्यात खोट काढायची म्हटली तर वेळ काढून बसावं लागलं असतं, आणि हेमलता तशी बसलेलीही होती. इचलकरंजीच्या एका कापडगिरणीत तिनं एकतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली होती. पुढून ठाण सरकायचं आणि ती तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग असं काय असेल ते टिपत जायची. निवृत्त झाल्यावर कापड गेलं, नजर तशीच राहिली. मग काचबिंदूनं नजरही नेली. राहिली ती फक्त टिपून ठेवायची सवय.

सहा वर्षांपूर्वी तिला रेषादृष्टी बसवली. त्या काळात ज्यांच्या डोळ्यांची नस मेली होती, त्यांच्यासाठी हा एकच उपाय होता. चष्म्याच्या दांडीवर हरभऱ्याएवढा कॅमेरा, कानामागे हाडात बसवलेला, लहरी पकडणारा एक ग्राहक, आणि त्या ग्राहकातून मेंदूच्या मागच्या भागात, जिथं दिसतं तिथं, गेलेली केसासारखी तार. कॅमेऱ्यापासून ग्राहकापर्यंत चित्र हवेतून जायचं, आणि ते आकड्यांमध्ये न जाता लहरींमध्ये जायचं.

लोकांना याचंच नवल वाटायचं. सगळं जग आकड्यांवर चाललेलं असताना आंधळ्यांच्या वाट्याला आजोबांच्या टीव्हीतलं तंत्र का? रेषादृष्टी केंद्रातली अभियंता नसीमा मुजावर हे प्रत्येक नव्या रुग्णाला समजावून सांगायची. आकड्यांचे डोळे आधी करून पाहिले होते. चित्राचे आकडे करायचे, ते दाबून लहान करायचे, पाठवायचे, पुन्हा उलगडायचे, यात सेकंदाचा आठवा भाग जायचा. एवढ्या उशिरानं जिना दिसला की माणूस पडतो आणि दिवसभर असं दिसलं की ओकतो. शिवाय आकडे कमी पडले की चित्र हलतच नाही, जागच्या जागी गोठतं. रस्ता ओलांडताना ते गोठलं म्हणजे संपलंच. लहरीचं तसं नव्हतं. उजेड वाढला की लहर चढते, कमी झाला की उतरते. मधे हिशेब करायला कोणी बसलेलं नाही, त्यामुळे उशीरही नाही. सिग्नल अशक्त झाला तर चित्रात मुंग्या येतात, पण मुंग्यांच्या आड दार कुठं आणि बैल कुठं एवढं कळतं. अर्धवट दिसणं आणि अजिबात न दिसणं यातलं अंतर डोळसांना कळत नाही.

"एक चित्र म्हणजे सहाशे पंचवीस आडव्या रेषा," नसीमानं तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "कॅमेरा वरून खाली एकेक रेष वाचतो. आधी विषम, मग सम. सेकंदाला अशी पंचवीस चित्रं."

"म्हणजे आडवा धागा टाकत कापड विणायचं," हेमलता म्हणाली होती.

"बरोबर. आणि एक रेष संपली की लहर एकदम खाली बुडी मारते. त्या बुडीवरून ग्राहकाला कळतं की आता पुढची रेष."

"तो काठ."

"अक्का, तुम्ही माझी नोकरी घालवणार."

तर असा सगळा कारभार. त्यात अडचण एकच होती. हवा सगळ्यांची एक आणि वाहिन्या फक्त सहा. चष्म्याचा सिग्नल वीसेक मीटर पसरायचा, म्हणून एका गल्लीत एका वाहिनीचा एकच माणूस असायचा. केंद्राची तशी नोंदवहीच होती. पण दीड वर्षांपूर्वी हेमलताच्या इमारतीसमोरच्या 'सायंछाया' वृद्धाश्रमात कुठल्या तरी दुसऱ्या तालुक्यातून एक म्हातारा राहायला आला, आणि आश्रमानं केंद्राला कळवलंच नाही. त्याचीही वाहिनी तीन होती. तेव्हापासून हेमलताला आपल्या चित्रावर त्याचं पुसट चित्र दिसायला लागलं. अर्जावर याचं नाव 'सहवाहिनी-छाया' असं होतं. रुग्ण त्याला शेजार म्हणायचे.

पहिले काही महिने शेजार करमणुकीचा होता. आमटीत आश्रमाचं फाटक दिसायचं. टीव्हीवर दुसऱ्याच कोणाच्या नातवंडांची रांग, हातात खाऊच्या पिशव्या, त्या कुणालातरी देऊन घड्याळ बघत उभी असलेली माणसं. त्या म्हाताऱ्याला भेटायला कोणी यायचं नाही. हेमलता टिपत होती. दिवाळी कोरी, संक्रांत कोरी, पाडवा कोरा. मग तो फाटकाकडे बघेनासा झाला. भिंतीकडे बघायला लागला. आधी तास, मग दोन तास, मग सकाळ ते दुपार. आणि ज्या दिवशी कणकेवर भिंत आली त्यानंतर आठवड्याभरात भिंतही गेली. सकाळी आठला घटकाभर खिळा दिसायचा, मग काहीच नाही. त्यानं चष्म्याच्या दांडीवरची कळ दाबून कॅमेरा बंद केलेला असणार.

दुसऱ्या कोणाला बरं वाटलं असतं. हेमलताला ते लागलं.

कारण तिला जसं त्याचं दिसत होतं तसं त्याला तिचं दिसत असणार, एवढं तिला कळत होतं. तिचा ओटा, तिचे डबे, तिचा मुलगा अजित जेवताना बोटं चाटतो ते. दीड वर्षं हा सगळा पसारा त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांसमोर नाचवला होता. त्यानं आधी तोंड भिंतीकडे फिरवलं, तेवढ्यानं भागेना म्हणून शेवटी डोळेच मिटून घेतले. माणसानं आपल्या संसाराला कंटाळून आंधळं व्हायचं पत्करलं, याहून मोठा अपमान काय असतो?

समोर जाऊन विचारता आलं असतं. गल्ली बारा पावलांची होती. पण पासष्ट ओलांडलेल्या विधवेनं आश्रमात जाऊन एका परक्या पुरुषाला काय विचारायचं, की माझं तुम्हाला काय काय दिसलं हो? ती केंद्रात गेली.

"नियमानं त्यांनी वाहिनी बदलायची. ते नंतर आले," नसीमा म्हणाली. "पण ग्राहक हाडात बसवलाय. वाहिनी ठरवणारा आतला स्फटिक बदलायचा म्हणजे भूल आली, टाके आले, तीन आठवडे अंधार आला. एकोणऐंशीचे आहेत ते, आणि हृदय अशक्त. भूल झेपायची नाही."

"मग माझी बदला."

"तुमची का? तुमची काही तक्रार आहे का?"

"त्यांना त्रास होतोय."

"मी फोन केला होता त्यांना," नसीमा म्हणाली. "त्यांनी सांगितलं, 'मला काही त्रास नाही.'"

हेमलता हसली. "असं कोण म्हणतं, ज्याला त्रास नसतो तो? आमच्या ह्यांना छातीत कळ आली, घामानं शर्ट भिजला, तरी रिक्षात बसेपर्यंत हेच म्हणत होते."

नसीमाही हसली. तिचे वडीलही तसेच होते. दोघींनी मिळून ठरवून टाकलं की म्हातारा भिडस्त आहे. त्यानं कॅमेरा बंद ठेवायला सुरुवात केली आहे, हे मात्र हेमलतानं सांगितलं नाही. आपल्या घरानं कुणाचे डोळे मिटवले हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

शस्त्रक्रिया झाली. तीन आठवडे हेमलता अंधारात राहिली. वर्षानं सगळं वेळच्या वेळी केलं. औषध, जेवण, हात धरून नेणं, कशातच कसूर नाही. बाविसाव्या दिवशी पाच नंबरची वाहिनी सुरू झाली. ओटा लख्ख दिसला. कणकेवर कणीकच होती. कुणाला न सांगता कुणाचं भलं केलं की जे एक समाधान वाटतं, ते हेमलताला दोन दिवस पुरलं.

तिसऱ्या दिवशी नसीमा घरी आली. बसली नाही.

"अक्का, मला एक खरं सांगा. त्यांनी कॅमेरा बंद ठेवलेला तुम्हाला माहीत होतं?"

हेमलतानं होकाराची मान हलवली.

"मला सांगितलं असतं तर मी तुमची शस्त्रक्रिया होऊच दिली नसती." नसीमानं खुर्ची ओढली आणि शेवटी बसली. "ऐका. दोघांचे कॅमेरे चालू असतात तेव्हा ग्राहक आपल्या जवळच्या, जोरदार लहरीचा काठ पकडतो. दुसऱ्याचं चित्र त्या काठाला जुळत नाही, म्हणून ते पुसट होऊन सरकत राहतं. तुम्हाला तो काळा पट्टा दिसायचा ना, तो त्यांच्या चित्राचा काठ. आता समजा मी माझा कॅमेरा बंद केला. माझी लहर गेली. ग्राहक रिकामा राहत नाही, हवेत जो काठ मिळेल तो धरतो. मग तुमचं चित्र पुसट राहत नाही, सरकत नाही. पूर्ण आणि स्थिर, तुम्हाला दिसतं तसंच दिसतं."

"म्हणजे..."

"ते डोळे मिटून घेत नव्हते. भिंतीकडे बघायचे तेसुद्धा त्यासाठीच. भिंत कोरी, म्हणजे तुमच्या चित्रात त्यांची लुडबुड कमी. पुढं त्यांना कॅमेऱ्याची कळ दाबायचा उपाय सापडला. तुमच्या शस्त्रक्रियेआधी महिनाभर त्यांनी स्वतःचं काहीही बघितलेलं नाही. फक्त तुमचं बघितलंय."

वर्षानं चहा आणून ठेवला. कुणी उचलला नाही.

"आता काय बघतात?"

"मुंग्या," नसीमा म्हणाली. "आश्रमातून तक्रार आली, चित्र येत नाही. मी जाऊन तपासलं, सगळं ठाकठीक. कॅमेरा चालू करा म्हटलं तर करत नाहीत. म्हणतात, मी माझं चालू केलं आणि नेमकं तेव्हाच तिकडचं आलं तर?"

"माझी परत तीन नंबरवर आण."

"ते हाड पुन्हा उघडता येणार नाही."

"मग एखादा जुना चष्मा आणून दे तीन नंबरचा. ओट्यावर ठेवते."

नसीमानं मान हलवली. दुसऱ्याच्या डोळ्यांत जाणूनबुजून चित्र पाठवणं हा गुन्हा होता. जाहिरातवाल्यांनी एका वर्षी आंधळ्यांच्या डोळ्यांत साबण विकायला सुरुवात केली, तेव्हा तो कायदा झाला होता, आणि चांगला कडक झाला होता. चुकून घडलं तर तो शेजार, मुद्दाम केलं तर तीन वर्षं.

त्याच संध्याकाळी हेमलता बारा पावलं चालून गल्ली ओलांडून गेली.

श्रीपाल अथणे पलंगाच्या कडेला ताठ बसलेले होते. टक्कल, घोटून केलेली दाढी, नाकावर चष्मा. चष्म्याच्या दांडीवरचा दिवा विझलेला. समोर पिवळी भिंत होती आणि खिळा होता. हेमलताला खोली इतकी ओळखीची वाटली की पाणी कुठं ठेवलंय ते तिनं न शोधता पाहिलं.

"कोण?"

"मी... समोरच्या इमारतीत राहते. सहज आले."

आवाजावरून त्यांना काही कळायचं कारण नव्हतं. लहरींमधून चित्र जायचं, आवाज जायचा नाही.

"या, या. बसा. पण तिकडं नको, खिडकीच्या मधे येताय तुम्ही. सिग्नल तिकडनं येतो." त्यांनी हातानं अंदाजानं बाजूची खुर्ची दाखवली. "मी यंत्रमागावर जॉबर होतो. माग बिघडला की माझ्या नावानं हाका. तेव्हा मला अंदाज आहे यंत्राचा. हे बिघडलेलं नाही. घरचे कुठंतरी गावाला गेलेत. येतील."

"घरचे?"

म्हातारा थोडा लाजला. "आपलं म्हणायचं. चौथ्या मजल्यावर आहेत. मला कसं कळलं सांगू? त्यांच्या खिडकीतनं आमच्या आश्रमाची पाण्याची टाकी दिसते. एकदा तर मीच दिसलो मला! टकलावरनं ओळखलं. भिंतीकडं तोंड करून बसलेला एक म्हातारा. म्हटलं, काय अवकळा आलीय बघा याला." ते हसले. "बाई आहे एक. तिचं दिसतं मला. सांगायची गोष्ट नव्हे ही, कुणी म्हणेल परक्या घरात डोकावतोय. पण तुम्ही आपल्या वयाच्या वाटता."

"कशी आहे बाई?"

"तोंड बघितलेलं नाही. तिच्याच डोळ्यांनी बघायचं म्हटल्यावर तिचं तोंड कसं दिसणार? आरशापुढं ती उभी राहत नाही कधी. हात माहितीयत. उजव्या अंगठ्याला जुना चरा आहे. भाकरी एक नंबर थापते."

हेमलतानं अंगठा पदरात घेतला. मग तिच्या लक्षात आलं की लपवायची काही गरज नाही.

"भाकरी बघायला तुम्ही स्वतःचं बंद करून बसता?" तिनं जरा टोचूनच विचारलं.

"छे हो." ते आवाज उतरवून म्हणाले, "तिच्याकडं कोणी बघत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बघतच नाही. मुलगा आहे, सून आहे. चांगली माणसं. ताट वाढतात, औषध देतात. पण औषध देताना सून बाटलीकडं बघते. मुलगा बोलतो तो दाराकडं बघत, नाही तर फोनकडं. ही आपली एकदा ह्याच्याकडं बघते, एकदा तिच्याकडं. कॅमेरा असा इकडून तिकडं फिरतो, आणि समोर नुसते गाल आणि कान. आधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग मोजायला लागलो. जॉबरची सवय, मागाचे फेरे मोजायची. दीड वर्षात सरळ तिच्याकडं कुणी बघितलं असं अकरा वेळा. त्यात चार वेळा भांडण. एकदा गॅसवाला, सही घ्यायला."

"तुम्हाला ऐकू येत नाही ना तिथलं," हेमलता म्हणाली. आवाज चढलाय हे तिला कळलं. "बोलत असतील की दिवसभर. हसत असतील. घर म्हटल्यावर माणसं काय एकमेकांची तोंडं बघत बसतात?"

"बसत नाहीत. मी कुठं नाही म्हणतो?" ते घाईघाईनं म्हणाले. "ते वाईट आहेत असं नव्हे. पण तिला माहीत नसावं, असं मला वाटतं. ती अशी कामात असते. म्हणून मी आपलं माझं बंद केलं. माझ्या या भिंतीनं तिचं अर्धं झाकून जायचं. म्हटलं, मला इथं काय बघायचंय? निदान एक माणूस तरी पूर्ण लक्ष देऊन बसलेला असू दे तिच्यापाशी. तिला कळलं नाही तरी."

खिडकीबाहेर गल्लीत कुणाची तरी गाडी सुरू झाली आणि गेली. म्हातारा मुंग्यांकडे बघत होता. त्याच्या तोंडावर, अंधारात काहीतरी शोधणाऱ्या माणसाचे असतात तसे, बारीक आठीचे भाव होते. हेमलता त्याच्या समोर बसली होती, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर. 'मीच ती' म्हणायला तिनं दोनदा तोंड उघडलं. पण ते म्हटलं की जे त्यानं दीड वर्षं तिच्यापासून राखून ठेवलं होतं, ते आपणच तिला तोंडावर सांगितलं असं त्याला कळणार होतं.

"तुमचा कॅमेरा चालू करा ना," ती म्हणाली. "घटकाभर. मी बसलेय इथं, मला बघा."

"रागावू नका," श्रीपाल अथणे म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच ओशाळेपण होतं. "तुम्ही आलात, बरं वाटलं. पण चोवीस दिवस झाले. एवढे दिवस घर बंद राहत नाही कुणाचं. तिला काही झालं असेल, तर त्या घरात ते कुणाच्या ध्यानात यायचं नाही. तुम्ही त्याच इमारतीतल्या ना? एक काम कराल माझं? चौथ्या मजल्यावर जाऊन बघाल का, ती आहे का म्हणून?"

"बघते."

"आणि उद्या येऊन मला सांगा."

"सांगते."

ती गल्ली ओलांडून आली. चौथा मजला चढली. दाराची किल्ली पिशवीत होती, तरी तिनं बेल वाजवली. वर्षानं दार उघडलं, एका हातात फोन, दुसऱ्या हातात झारा. "आलात? जेवण तयार आहे," ती आपुलकीनं म्हणाली, आणि तवा करपेल म्हणून वळून आत गेली. तिचा कान दिसला, गाल दिसला. बाहेरच्या खोलीतून अजितनं विचारलं, "कोण आलंय?"

"कोणी नाही," वर्षा आतून म्हणाली, "आईच आहेत."

हेमलता उंबऱ्याशी उभी राहिली. आत जाऊन बघायचं तिनं कबूल केलं होतं, आणि सकाळी त्या माणसाला काहीतरी सांगावं लागणार होतं.